‘काही शंका?’ विचारणं थांबवा, ‘काऊन’ला वर्गात येऊ द्या

प्रश्न असा आला आहे: ‘यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला शिकवतो. नोकरीला दोन वर्षं झाली. पाठ संपल्यावर “काही शंका?” म्हटलं की मुलं खाली बघतात. “समजलं का?” म्हटलं की एका सुरात “हो”. मुलांनी प्रश्न विचारावेत, त्यातून खोल विचार करावा, असं प्रशिक्षणात ऐकतो. ते करायचं कसं? आणि केलं तर अभ्यासक्रम कधी संपवायचा?’

सर, तुमची मुलं भरपूर प्रश्न विचारतात. तुम्हाला विचारत नाहीत एवढंच. मधल्या सुटीत खिचडीच्या रांगेजवळ पाच मिनिटं उभे राहा. ‘तारेवर पाखरू बसते तं त्याले करंट काऊन नाही लागत?’ ‘ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं काऊन असते?’ ‘उन्हाळाभर बेडकं जातेत कुठं?’ असं काहीबाही तिथे चालूच असतं. घंटा झाली की हीच मुलं मांडी घालून गप्प बसतात. म्हणजे प्रश्न विचारता येत नाहीत असं नाही. वर्गाच्या उंबरठ्यावर त्यांना काहीतरी अडवतं. ते काय, हे समजायला मला नोकरीची पहिली आठ-नऊ वर्षं लागली. पुढची पंधरा वर्षं घाटंजी आणि राळेगाव तालुक्यातल्या शाळांत मी त्याच एका गोष्टीवर काम करत आले आहे.

पहिला अडथळा ‘शंका’ या शब्दातच आहे. ‘काही शंका?’ म्हणजे मुलाच्या कानाला ‘कोणाला समजलं नाही?’ असंच ऐकू येतं. सगळ्यांसमोर हात वर करून ‘मला’ कोण म्हणेल? मी तो प्रश्न सोडला आणि ‘या पाठातलं काय खोटं वाटते?’ असं विचारू लागले. हवेला वजन असतं, हे वाचून झाल्यावर असं विचारून बघा. निम्मा वर्ग हात वर करतो, कारण ते खरोखरच खोटं वाटतं. खोटं वाटणं हा काही मुलाचा कमीपणा नाही, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी आता पुस्तकावर येते.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि तो आपणच उभा करतो. मूल उठून म्हणतं, ‘मॅडम, असं काऊन?’ आपण म्हणतो, ‘काऊन नाही, का म्हण.’ ते प्रश्न घेऊन उठलं होतं, चूक घेऊन खाली बसलं. पुन्हा महिनाभर उठत नाही. मी फळ्यावर मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहिते, ‘काऊन’सकट. प्रमाणभाषा वहीत उतरवताना येते, आणि तिथे मी ती आग्रहाने शिकवतेही. घाटंजीकडे माझ्या वर्गात कोलामांची आणि बंजाऱ्यांची मुलं होती. त्यांना मराठीतच प्रश्न जुळवायला वेळ लागायचा. ती आपल्या भाषेत शेजारच्याला सांगत, शेजारचा मराठीत सांगे. प्रश्न मात्र ज्याचा त्याच्याच नावाने फळ्यावर जाई.

आता मुख्य गोष्ट. मुलाने प्रश्न विचारल्यावर पुढच्या दहा सेकंदांत आपण काय करतो, यावर सगळं ठरतं. एक प्रसंग जरा सविस्तर सांगते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, वर्ग सातवा. डवऱ्यात उपटून आलेलं सोयाबीनचं झाड एक मुलगा मुळासकट घेऊन आला. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी. ‘मॅडम, याले रोग झाला का?’

उत्तर माझ्या जिभेवर होतं: रायझोबियम जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला खतासारखा पुरवतात. तीस सेकंदांत सांगून झालं असतं आणि मुलांनी वहीत लिहूनही घेतलं असतं. मी विचारलं, ‘रोग आहे असं कशावरून म्हणतोस?’

‘गाठ म्हंजे रोगच न. माह्या आजीच्या गळ्याले होती.’

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने मागून एक मुलगी म्हणाली, ‘पन झाड तं हिरवंगार हाय. रोग असता तं पिवळं नसतं पडलं?’ पुन्हा शांतता. मग तिसरा: ‘साऱ्याच झाडाले असतीन का मंग?’

त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी वर्गात मातीचा ढीग झाला. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी (कापूस), ज्वारी, गाजरगवत, ज्याला जे दिसलं ते त्याने मुळासकट आणलं होतं. सोयाबीनला गाठी, तुरीला गाठी, पऱ्हाटीला नाहीत, ज्वारीला नाहीत. एकाने नियम काढला: ‘शेंगा येतेत त्याले गाठी असते.’ सगळ्यांना पटला. मलाही वाटलं, छान, आता नाव सांगून टाकावं. तेवढ्यात एक मुलगी तरोटा घेऊन पुढे आली. त्याला शेंगा येतात हे आपल्याकडे लेकराला ठाऊक असतं, आणि मुळं मात्र साफ. गाठ एकही नाही. तरोटा शेंगवर्गातलाच, पण गाठी न धरणारा. मुलांना हे माहीत नव्हतं. आपला नियम कुठेतरी फाटतोय एवढं त्यांना दिसलं. ‘शेंगावाल्या बहुतेक झाडाले’ अशी दुरुस्ती त्यांनी स्वतःच केली. हा ‘बहुतेक’ शब्द सातवीच्या मुलाच्या तोंडी येणं, याला मी खोल विचार म्हणते.

मग ब्लेडने गाठ कापली. आतून लालसर गुलाबी. ‘रगत हाय!’ असा ओरडा झाला, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं एक प्रथिन त्या गाठीत असतं. ज्या गाठी आतून गुलाबी त्या काम करत असतात, पांढरट किंवा हिरवट त्या करत नसतात. रायझोबियम हा शब्द मी तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला. तोवर त्या शब्दाची वाट बघितली जात होती. पहिल्या दिवशी लिहिला असता तर तो स्वाध्यायातली एक रिकामी जागा भरण्यापुरता उरला असता.

खरा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो ज्याने झाड आणलं त्याचाच होता: ‘गाठीच खत बनवते, तं बाबा युरिया कायले टाकते?’ जमिनीत आयता नत्र भरपूर असला की झाड गाठी कमी धरतं, हे मला माहीत होतं. तरी मी पोरांना दोन वावरांतली पाच-पाच झाडं उपटून गाठी मोजायला सांगितल्या. आकडे काही नीट आले नाहीत. जिथे युरिया कमी टाकला होता तिथेही गाठी थोड्याच निघाल्या. वर्ग हिरमुसला. मग एकीने विचारलं, ‘त्या वावरात पानी साचते न?’ पाणथळ जागेत मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी नीट वाढत नाहीत. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कोणती कशामुळे झाली ते कळत नाही. प्रयोगाचं हे पहिलं तत्त्व मुलांना फसलेल्या मोजणीतून मिळालं. ते मी व्याख्येतून कधीच इतकं नीट शिकवू शकले नव्हते.

यात माझं काम किती? थांबले, ‘कशावरून’ विचारलं आणि उत्तर दोन दिवस तोंडात धरून ठेवलं. थांबण्याबद्दल मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात केलेलं काम आवर्जून समजून घ्या. वर्गांच्या ध्वनिमुद्रणांतून तिला दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबले, की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. थांबायचं दोनदा: प्रश्नानंतर, आणि मुलाचं उत्तर आल्यानंतरही. हे दुसरं थांबणं फार अवघड आहे. उत्तर आलं की ‘शाब्बास’ तोंडातून निघतंच, आणि शाब्बास म्हटलं की बाकीच्या सगळ्यांचा विचार तिथेच थांबतो. मी सुरुवातीला मनात एक ते पाच आकडे मोजायची. हातात खडू असला तर दोन बोटांत फिरवत राहायची, म्हणजे तोंड बंद राही.

मात्र प्रत्येक प्रश्न मुलावरच उलटवायचा नाही. ‘नत्राचं चिन्ह काय?’ असं विचारलं तर सरळ ‘एन’ म्हणून सांगा. माहितीच्या प्रश्नाला ‘तुला काय वाटतं?’ म्हणणं म्हणजे मुलाला छळणं. कारणाचा, तुलनेचा, ‘मग असं कसं?’ वाला प्रश्न असेल तोच धरून ठेवायचा.

सातवीच्या भिंतीवर मी तीन कागद चिकटवते. कशावरून? नसतं तर? सगळीकडे असंच का? हे माझ्यासाठी नाहीत, मुलांनी एकमेकांना विचारायचे आहेत. विचारांच्या पातळ्यांचे तक्ते प्रशिक्षणात तुम्हालाही मिळाले असतील. ते टाचणाला उपयोगी आहेत, पण अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात देता येत नाहीत. ‘कशावरून’ देता येतो. दिवाळीपर्यंत मुलं तो घरी वापरू लागतात आणि मग आजोबा शाळेत येतात: ‘मॅडम, पोट्टं लय उलटून बोलून राह्यलं.’ शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मला हे ऐकावं लागलं आहे. अशा वेळी मी गाडगेबाबांचं नाव घेते. बाबा आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. बाबा विचारत आणि समोर बसलेली माणसं उत्तर देत. उत्तर देता देता आपण करतो ते आपल्याच बोलण्याशी जुळत नाही, हे लोकांना उमगे. 20 डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी असते. त्या दिवशीच्या परिपाठात मी मुलांना आणि आलेल्या पालकांना हेच सांगते. आजोबांचा राग जातो, कारण त्यांच्या घरातल्या कोणीतरी ते कीर्तन ऐकलेलं असतं.

गणितात प्रश्न येत नाहीत असं समजू नका. तिथे तर आपण सर्वात जास्त प्रश्न मारतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी अपूर्णांकांचा गुणाकार शिकवत होते. अर्धा गुणिले अर्धा बरोबर पाव. एक मुलगा म्हणाला, ‘गुनलं तं वाढते न मॅडम. हे कमी काऊन झालं?’ मी म्हटलं, अंशाला अंश, छेदाला छेद, नियम आहे. तो बसला. गणितातला तो त्या वर्षातला सर्वात मोलाचा प्रश्न होता आणि मी तो नियमाखाली गाडला, याचं मला आजही वाईट वाटतं. आता मी भाकर काढते. अर्धी भाकर, तिची अर्धी. मग मुलांनाच शोधायला लावते की गुणल्यावर आकडा कधी वाढतो, कधी तसाच राहतो, कधी घटतो. एकाच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी बदलतं, हे ती दोन तासिकांत शोधतात. मग एखादा आपणहून विचारतो, ‘मंग भागलं तं वाढन का?’

सरळव्याज आपल्या भागात जरा जपून शिकवावं लागतं. मी पीककर्जाचं उदाहरण दिलं, द.सा.द.शे. 7. एक मुलगा म्हणाला, ‘बँक सात घेते न सावकार दोनच. मंग सावकार सस्ता नाही का?’ वर्गात दोन-चार माना हलल्या. मी एवढंच विचारलं, ‘दोन, पण किती दिवसांचे?’ मिनिटभर कोणी बोललं नाही. मग एकीने पुस्तकातलं द.सा.द.शे. सोडवून मोठ्याने वाचलं: दर साल दर शेकडा. आणि गावातला ‘शेकडा दोन’ महिन्याचा असतो. मुलांनी दहा हजारांवर आकडे मांडले. बँकेचे वर्षाला 700, सावकाराचे 2,400. शेकडा पाच असेल तर 6,000. फळ्यावरचे ते तीन आकडे बघून एकाने विचारलं, ‘मंग लोक जातेतच काऊन त्याच्याकडं?’

इथे मी त्याला अडवलं नाही. उत्तरं वर्गातूनच आली: मागचं कर्ज थकलं की बँक नवीन देत नाही, सातबारा आजोबांच्या नावावर, ठेक्याचं वावर, आणि दवाखान्याला पैसे आज संध्याकाळीच लागतात. पण तिसऱ्या रांगेतली एक मुलगी वहीत तोंड घालून बसली होती. तिच्याकडे मी बघितलंही नाही आणि बोलताना ‘तुमच्या घरी’ हा शब्द वापरला नाही. ‘एक शेतकरी आहे’ असंच म्हणत राहिले. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी बाप गेलेली लेकरं आपल्या वर्गात बसलेली असतात. पैसा, आजारपण, मरण, जात यांवरचे प्रश्न मुलं विचारणारच, आणि ते दाबायचे नाहीत. पण ते कोणा एकाच्या घरावर जाऊन बसणार नाहीत, हे शिक्षकाने बघायचं. शाळा सुटल्यावर त्या मुलीला मी वह्या कपाटात लावायला थांबवलं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दोघींनी मिळून वह्या लावल्या. चार दिवसांनी ती आपणहून बोलली.

मुलांकडून ठरवून प्रश्न काढून घ्यायचे असतील तर एक रीत उपयोगी पडते. अमेरिकेत डॅन रॉथस्टीन आणि लुझ सँटाना यांनी ती घडवली. तिची सुरुवात पालकांपासून झाली: शाळेत गेल्यावर काय विचारायचं तेच कळत नाही, म्हणून आम्ही जात नाही, असं ते पालक म्हणत होते. आपले पालक याहून वेगळं काय म्हणतात? रीत सोपी आहे. शिक्षकाने प्रश्न विचारायचा नाही, फळ्यावर एक विधान लिहायचं. ‘आपल्या गावच्या विहिरी मार्चमध्ये आटतात.’ मुलांनी गटात बसून त्यावर सुचतील तितके प्रश्न लिहायचे. कोणी उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, चांगला-वाईट म्हणायचं नाही. मग हो-नाहीत संपणारे प्रश्न शोधून त्यांचं तोंड उघडायचं. ‘बोअरमुळे विहीर आटते का?’ याचं मुलांनी केलं, ‘बाजूला बोअर झाल्यावर विहिरीच्या पाण्याचं काय होते?’ पहिला प्रश्न भांडणात संपला असता, दुसरा दोरी आणि दगड घेऊन विहिरीवर गेला. दर सोमवारी तीन विहिरींत दोर सोडून ओला भाग मोजायचा, असं चार महिने चाललं. बसाल्टच्या खडकात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींची वागणूक अगदी वेगळी असू शकते, हे मुलांना आकड्यांत दिसलं. विहिरीवर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना कधीही पाठवू नका.

ज्याचं उत्तर आपल्यालाच माहीत नाही अशा प्रश्नाची भीती तुम्हाला वाटत असेल. नव्या शिक्षकाला ती वाटतेच. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. शाळा बंद होत्या. एका मुलाने बापाच्या फोनवरून मला फोटो पाठवून विचारलं, ‘हे काऊन झालं?’ मी लिहिलं, ‘मला माहीत नाही. तुला काय वाटतं ते लिही, मीही शोधते.’ त्याने तीन अंदाज पाठवले, त्यातला एक शेवाळाचा होता. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून कळलं की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे तो रंग आला. ते वाचून त्याने लिहिलं, ‘म्हंजे मी अर्धा बरोबर होतो.’ होताच. ‘मला माहीत नाही’ म्हटल्याने माझा मान कमी झाल्याचा अनुभव मला कधी आलेला नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रातून प्रश्न पाठवत आणि त्यांना उत्तरं जात. त्यावरून मी वर्गात बुटाच्या खोक्याची प्रश्नपेटी केली. जी मुलं कधीच बोलत नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या तिच्यात निघतात. दर शनिवारी उघडते. तुम्ही ठेवलीत तर तुम्हीही दर शनिवारी उघडा. दोन आठवडे चुकले की मुलं चिठ्ठ्या टाकणं बंद करतात.

अभ्यासक्रमाचं विचाराल तर सगळे पाठ असे शिकवता येत नाहीत आणि शिकवूही नयेत. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, दिवस आधीच कमी. मी सत्रात प्रत्येक विषयाचे दोन-तीन पाठ असे निवडते, जिथे मुलांच्या हाताला काही लागतं. बाकीचे नेहमीसारखे आणि थोडे वेगाने. नत्राचं चक्र पुढे आलं तेव्हा त्या सातवीला ते अर्ध्या तासिकेत झालं, म्हणजे वेळ काही प्रमाणात परतही येतो. वरून कोणी विचारलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 दाखवा. कृतीतून, शोधातून शिकणं आणि मुलाला निर्भयपणे मत मांडता येणं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि नोंदी ठेवा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण आणि तोंडीकाम आहेच. मुलाने कोणता प्रश्न विचारला, तो तारखेसह तिथे जाऊ शकतो. ‘वर्गात लक्ष देतो, प्रगती समाधानकारक’ हे वाक्य पालकाला काहीच सांगत नाही. सोयाबीन आणणारा तो मुलगा लेखी चाचणीत मागेच असायचा. त्याच्या पानावर मी त्या महिन्यात लिहिलं होतं: ‘गाठी खत बनवतात तर युरिया का टाकतात, असा प्रश्न विचारला. दोन शेतांतली दहा झाडं उपटून गाठी मोजल्या. आकडे जुळले नाहीत, हे स्वतः येऊन सांगितलं.’